पंख्याच्या विमानाला हसणाऱ्यांनो, जरा हिशेब करूया

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहितो. दर निवडणुकीच्या आधी आपल्याकडं एक घोषणा होते, "कोल्हापूरहून दिल्लीला थेट विमान, लवकरच!" खाली टाळ्यांच्या इमोजी पडतात, 'नाद खुळा'च्या कमेंट येतात. मग कोणीतरी विचारतं, "कधी?" उत्तर ठरलेलं, "रनवे मोठा झाला की एअरबस येणार."

आणि तोपर्यंत? तोपर्यंत आपण पुण्याला किंवा बेळगावला जायचं.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करतो. विमानतळ आमच्या उशाला. डोक्यावरून विमान जातं ते बघत चहा पितो आणि दिल्लीला जायचं असलं की मध्यरात्री उठून पुण्याचा रस्ता धरतो. सव्वादोनशे किलोमीटर. हायवेचं काम बघता पाच तास धरूनच निघायचं. तिथं दोन तास आधी हजर, मग दोन-सव्वादोन तासांचं उड्डाण. म्हणजे घर ते दिल्ली नऊ-दहा तास. एक दिवस जाण्यात, एक येण्यात. बैठक अर्ध्या तासाची.

माझा मुद्दा सरळ आहे. एअरबसची वाट बघणं बंद करा. आहे त्या रनवेवर चालणारं विमान मागा. ते विमान म्हणजे टर्बोप्रॉप, ज्याला आपली पोरं 'पंख्याचं विमान' म्हणून हसतात.

हसण्याआधी इतिहास आठवा. राजाराम महाराजांनी १९३९ साली हा विमानतळ सुरू केला. त्यानंतर किती वर्षं तिथं नुसतं गवत वाढलं ते आपण बघितलंय. २०१८ मध्ये 'उडान'खाली पुन्हा विमानं आली तेव्हा रनवे होता फक्त १,३७० मीटरचा. मुंबईला एकोणीस सीटचं छोटं विमान गेलं, ते पंख्याचं. हैदराबाद-बेंगळुरूला एटीआर गेलं, तेही पंख्याचं. २०१९ मध्ये तिरुपती जोडलं गेलं, अंबाबाईचा भक्त सकाळी निघून बालाजीच्या दारात पोचू लागला, तेही एटीआरमधूनच. कोल्हापूरचा विमानतळ जिवंत केला तो पंख्यानं. हे विसरणं म्हणजे कृतघ्नपणा आहे.

आता यंत्राचं बघू. मोठा पंखा कमी वेगातही भरपूर हवा मागं ढकलतो, पंखही सरळ असतात, म्हणून विमान लवकर उचललं जातं. एटीआर ७२ ला पूर्ण वजनानं, समुद्रसपाटीला, साधारण १,३०० मीटर लागतात. एअरबस ए-३२० ला पूर्ण वजनानं २,१०० च्या आसपास. आपलं उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर. एप्रिल-मेची दुपार म्हणजे हवा आणखी विरळ, म्हणून दोन्ही आकडे वाढतात. आपला रनवे आज १,९३० मीटरचा. एटीआरला तो उन्हाळ्यातही पुरतो. एअरबसला दिल्लीपर्यंतचं इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन? अवघड.

"मग २,३०० मीटर करा की!" करा ना, कोण नको म्हणतंय? पण रनवेचा प्रत्येक वाढीव मीटर कुणाच्या तरी शेतातनं जातो. गडमुडशिंगीच्या माणसाला विचारा. त्याला योग्य मोबदला द्या, घाई करून फसवू नका, काम नीट करा. पण त्या कामाच्या नावाखाली आजची सेवा अडवू नका.

आता दुसरी बाजू, कारण मला खोटी जाहिरात करायची नाही. दिल्ली इथून हवाई अंतरानं साधारण १,३५० किलोमीटर. एटीआरचा पूर्ण प्रवाशांसह कागदावरचा पल्ला १,५०० च्या आसपास. कागदावर बसतं. पण समोरचा वारा, वळसा, दिल्लीत धुकं पडलं तर दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन हे सगळं धरलं की काही सीटा रिकाम्या ठेवाव्या लागणार. उसाच्या ट्रॉलीसारखंच आहे. ट्रॉली कितीही मोठी असो, चढाला किती ओढायचं ते ट्रॅक्टर ठरवतो. विमानात इंधन वाढलं की माणसं कमी होतात.

क्यू-४०० हे दुसरं टर्बोप्रॉप जास्त वेगवान, पल्लाही दोन हजारांच्या आसपास. थेट दिल्लीला तेच उत्तम. पण त्याचं उत्पादन २०२१ पासून थांबलंय. आहेत त्यातलंच एखादं मिळालं तर मिळालं. त्याच्या भरवशावर जिल्ह्याचं नियोजन करता येत नाही.

म्हणून माझी मागणी अशी: कोल्हापूर–इंदूर–दिल्ली, एटीआरनं, तेच विमान, प्रवाशांनी उतरायचं नाही. नकाशा काढून बघा, इंदूर जवळजवळ बरोबर मधोमध आहे. दोन्ही टप्पे सातशे किलोमीटरच्या आत. प्रत्येक टप्पा दीड तासाचा, मध्ये अर्धा तास. साडेतीन तासांत दिल्ली, सगळ्या सीटा भरून. वर इंदूरची मराठी माणसं आणि तिथला व्यापार जोडला जातो तो वेगळाच. दिल्लीत वेळ मिळत नसेल तर हिंडनला उतरवा. आमची तक्रार नाही.

"साडेतीन तास पंख्याच्या आवाजात कोण बसणार?" अरे भावा, पुण्याच्या रस्त्यावर पाच तास बसतोस ते कसं चालतं? पावसाळ्यात हादरे जास्त बसतील, हे खरं. जेट ढगांच्या वरनं जातं, हे खालून. हादरा चालेल, अख्खा दिवस जायला नको.

आणि पैशाचं. एअरबसमध्ये १८० सीटा. रोज १८० माणसं कोल्हापूरहून दिल्लीला जाणार? पहिला महिना हारतुरे, सहाव्या महिन्यात सेवा बंद. ७०-७२ सीटा भरणं शक्य आहे. शिवाय ८० सीटांच्या आतल्या विमानाला प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंगचं शुल्क नाही आणि ४० टनांच्या आतल्या विमानाच्या इंधनावर विक्रीकरही कमी. कॅगचा २०२३ चा अहवाल आठवा: 'उडान'मध्ये दिलेल्या ७७४ मार्गांपैकी तीन वर्षांच्या अनुदानानंतर टिकले फक्त ५४. आपल्याला पहिल्या फोटोतलं विमान नकोय, चौथ्या वर्षी उडणारं हवंय.

ऑगस्ट २०२५ पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी किती दशकं आंदोलन केलं! ते मिळालं, कारण मागणी नेमकी होती. विमानाचंही तसंच करूया. पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून "लवकरच" म्हणालं की चार प्रश्न विचारा: कुठलं विमान? किती सीटा? किती वजन घेऊन? कुठल्या तारखेपासून? उत्तर नसेल तर टाळी नाही.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर आकडे घेऊन भांडायला या. चहा माझ्याकडून.