एका तासावरचे बेट



आपण मुंबईकर म्हणवतो, पण समुद्र पाहतो तो चौपाटीच्या वाळूवरून. आमच्या शेजारच्या मावशी चाळीस वर्षे मुंबईत आहेत. धुणीभांडी करून त्यांनी चार मुलांना शिकवले, पण बोटीत कधी पाय ठेवला नव्हता. म्हणून महिला मंडळाने ठरविले की, एक रविवार घारापुरीला काढायचा. हिशेब माझ्याकडे. (बी.कॉम.चा उपयोग एवढाच, असे आमच्या सौ. म्हणतात.)

सगळे ठरले आणि मावशीच मागे सरल्या. "भाऊ, मी नाही येत. तिथलीच बोट बुडाली ना?" त्यांचे काही खोटे नव्हते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जीव गेले. अनेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नव्हते. त्यानंतर जॅकेट घालणे सक्तीचे झाले. मी मावशींना एवढेच म्हटले, "जॅकेट घालून मी तुमच्या शेजारी बसतो."

सक्ती कागदावर असते, पट्टा आपल्यालाच आवळावा लागतो. आम्हाला मिळालेल्या जॅकेटांपैकी दोघांचे बंद तुटके निघाले. मी बदलून मागितले तेव्हा खलाशी कुरकुरला, पण दिले. धक्का सुटताच कॉलेजच्या पोरांनी जॅकेटे काढून बाकाखाली टाकली आणि मावशींकडे बघून हसू लागली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "हसा बाळांनो, पण घालून हसा." दोघांनी परत घातली!

तासाभराचा प्रवास. नौदलाची जहाजे मागे पडतात, जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या दिसतात आणि हळूहळू शहराचा आवाज विरतो. कानावर फक्त इंजिनाची घरघर राहते. आमच्या बायका सुरुवातीला गप्प होत्या, मग गाणी सुरू झाली.

बेटावर उतरल्यावर लांबलचक धक्का आणि पुढे सुमारे १२० पायऱ्या. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते, पण मावशी चढल्या. मोठ्या लेण्यातील तीन मुखांची शिवमूर्ती जगप्रसिद्ध आहे. १९८७ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. ते शिल्पकाम डोळे भरून बघावे, त्या हातांना दाद द्यावी. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तो मात्र इथे नाही, भायखळ्याला राणीच्या बागेत आहे.

बहुतेक मंडळी इथूनच माघारी फिरतात. आम्ही एका गावकऱ्याला सोबत घेऊन पूर्वेच्या टेकडीकडे वळलो. तिचे नावच स्तूप टेकडी. तिथे दोन लहान बौद्ध लेणी आहेत, त्यातले एक अपुरेच राहिलेले. पाण्याची जुनी टाकी आहेत आणि विटांच्या स्तूपाचा उंचवटा आहे. अभ्यासक त्याचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात, म्हणजे त्या मोठ्या लेण्याच्याही कितीतरी आधीचा. दिसायला मातीचा ढिगाराच. मुले विचारू लागली, "इथे बघायचे काय?" मावशींनी चपला काढल्या. मग मुलांनीही काढल्या. त्या दिवशी याहून मोठे भाषण कोणी केले नाही.

उतरताना गावातल्या एका दुकानदार बाईंकडे लिंबूपाणी घेतले. बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. बाई सांगत होत्या, समोर मुंबई रात्रभर झगमगायची आणि यांच्याकडे संध्याकाळी काही तास जनरेटर, मग अंधार. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची तार टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये! देश स्वतंत्र होऊन सत्तर वर्षे झाल्यावर! पोरांचा अभ्यास कसा होत असेल, हे आमच्या बायकांनी लगेच विचारले. म्हणून म्हणतो, लेणी बघून धावत लाँच पकडू नका. गावात दोन पैसे खर्च करा, चार शब्द बोला.

जाणाऱ्यांसाठी थोडे. सोमवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट नाही. पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो. बेटावर मुक्कामाची सोय नाही, तेव्हा शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्या. आणि डबा पिशवीबाहेर काढू नका. माकडांनी आमच्या शेंगदाण्याच्या पोळ्यांचा फडशा पाडला.

परतीच्या वेळी कोणी सांगण्याआधीच मावशींनी जॅकेट चढविले आणि त्या थेट वरच्या डेकवर जाऊन बसल्या. वर बसायचे वेगळे पैसे पडतात. ते मी मंडळाच्या हिशेबात धरलेले नाहीत.