सेंद्रिय कर्ब चांगला की वाईट?



माती परीक्षणाच्या पत्रिकेत ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो. आकडा कमी आला की शेतकरी काळजीत पडतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातून मुलांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसतं : सेंद्रिय म्हणजे चांगलं, रासायनिक म्हणजे वाईट. दुसरं समीकरण आपणच फळ्यावर लिहून देतो : जमिनीतून गाळून आलेलं पाणी शुद्ध असतं. माझ्या मते ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. असं अर्धवट ज्ञान किती महागात पडतं, ते बांगलादेशानं भोगलं आहे.

तिथे लोक तळ्यांचं पाणी प्यायचे. हगवण, कॉलरा यांनी मुलं दगावायची. म्हणून १९७० च्या दशकात सरकार आणि युनिसेफ यांनी गावोगावी हातपंप बसवायला सुरुवात केली. नंतर लोकांनी स्वतःच्या पैशानेही लाखो पंप बसवले. हेतू चांगलाच होता. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी तपासलं नाही. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये त्याचे रुग्ण ओळखले गेले आणि १९९३ मध्ये बांगलादेशातल्या पंपांच्या पाण्यातही ते सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या अंदाजानुसार साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्यात होते.

हे विष कुठल्या कारखान्यातून आलं नव्हतं. हिमालयातून नद्यांबरोबर आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा, म्हणजे गंजासारखा, पातळ थर असतो. आर्सेनिक त्याला घट्ट चिकटून बसलेलं असतं. तसंच राहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण त्याच गाळात पानं, मुळं, कुजलेली झाडं गाडली गेली. हा झाला सेंद्रिय कर्ब, जिवाणूंचं अन्न. खाता खाता जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग ते नायट्रेट वापरतात, मँगनीज वापरतात आणि शेवटी लोहाकडे वळतात. लोह विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं.

म्हणजे शेतातल्या मातीत जो कर्ब आपल्याला हवा असतो, तोच खोल, हवा नसलेल्या गाळात वेगळं काम करतो. तो मुळात चांगला नाही आणि वाईटही नाही. तो कुठे आहे आणि तिथे प्राणवायू आहे का, हे विचारायला मुलांना शिकवलं पाहिजे.

वर्गात हे दाखवणं सोपं आहे. काचेच्या बरणीत लाल माती घ्या, चमचाभर साखर घाला, वरपर्यंत पाणी भरा. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. शेजारी साखर न घातलेली दुसरी बरणी ठेवा. काही आठवड्यांत साखरेच्या बरणीतली माती करडी पडू लागते. तिच्यातलं पाणी उघड्या बशीत ओतून ठेवलं तर तांबूस थर धरतो : विरघळलेलं लोह हवा लागताच परत गंजलं! कोकणातल्या मुलांनी भाताच्या खाचरात हाच करडा चिखल पाहिलेला असतो, फक्त त्यामागचं कारण कुणी सांगितलेलं नसतं.

आता पालकांसाठी. आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नाही. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. म्हणून ‘आमच्या बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे’ हा पुरावा होत नाही. पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो. आपल्याकडचा बराचसा भाग काळ्या कातळाचा आहे, बंगालच्या गाळाचा नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण आपल्याही काही जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आढळतं, आणि तेही डोळ्यांना दिसत नाही.

बांगलादेशात पुढे पंप तपासून सुरक्षित पंपांना हिरवा आणि विषारी पंपांना लाल रंग दिला गेला. आपल्या धड्यातल्या त्या वाक्यापुढेही आपण निदान एक प्रश्न लिहूया : पाणी गाळलं गेलं खरं, पण वाटेत त्यात काय काय विरघळलं?