दुकानाच्या खर्चात कंबर धरली का?

लातूरच्या बॅचमध्ये मी विचारलं होतं, "दुकान टाकताना कशाकशाचा खर्च धरला?" डिपॉझिट, फर्निचर, माल, एलईडी बोर्ड, सगळं आलं. मालकच पंधरा-वीस दिवस आडवा पडला तर काय, हे एकाच्याही वहीत नव्हतं.

माझ्याही नव्हतं. नांदेडला माझं किराणा दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर हमाल उशिरा येणार म्हणून साखरेचा 50 किलोचा कट्टा मीच उचलला, तोही कंबरेतून वाकून, वळून. कट्टा जागेवर गेला, मी मात्र तिथंच बसलो. 19 दिवस घरी. बायकोने गल्ला सांभाळला, पण उधारी कोणाकडं किती, ते माझ्या डोक्यात! ऐन सीझनची गिऱ्हाईकं शेजारी गेली, त्यातली काही अजून परत आलेली नाहीत.

मग आपण सगळे करतो तेच केलं. गोळी, बाम आणि कंबरेचा बेल्ट. चार महिने बेल्ट बांधून काउंटरवर बसलो. काढला की दुखायचं, म्हणून पुन्हा बांधायचा.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडं गेलो. मॅडमनी आधी मी दिवसभर कसा बसतो, कसा उचलतो ते करून दाखवायला लावलं. मग व्यायाम दिले. पोटावर झोपून कोपरांवर छाती उचलायची. हात-गुडघे टेकून विरुद्ध बाजूचा हात आणि पाय लांब करायचा. स्टुलावरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं. रोज चालायचं. मला वाटलं, एवढ्यासाठी फी? पण दर आठवड्याला त्या थोडं वाढवायच्या, आणि तिथंच खरी मेख होती. उधारीची वसुली कशी, रोज थोडी पण न चुकता, तसंच हे. आठव्या आठवड्यात मी रिकामा क्रेट उचलला, मग भरलेला.

बेल्टबद्दल माझं मत आता पक्कं आहे, आणि ते माझ्या एकट्याचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी, म्हणजे तीन महिन्यांच्या वर टिकणाऱ्या, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाची शिफारस आहे. कंबरेचे बेल्ट आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात नको, असं म्हटलंय. तरी माझे व्यायाम बघून जसेच्या तसे करू नका. तुमचं दुखणं वेगळं असू शकतं. पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर व्यायाम नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आता दुकानातल्या पोरांचं. गंजगोलाईत किंवा वजिराबादेत कापडाच्या, चपलांच्या दुकानात बघा, सेल्सचं पोरगं सकाळपासून उभं. मालक म्हणतो, बसलं की आळशी होतं. मला हे अजिबात पटत नाही. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यात घातलं. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? पाय दुखले म्हणून शिकवून तयार झालेलं पोरगं सोडून जातं, तेव्हा नवीन पोराला भाव आणि माल पाठ करून द्यायला दोन महिने जातात. स्टूल त्यापेक्षा स्वस्त पडतं.

माझ्या दुकानात आता जड कट्टे जमिनीवर नाहीत, मांडीच्या उंचीच्या फळीवर आहेत. एकट्याने उचलायचे नाहीत. उधारी वहीत आहे. दर तासाला मी काउंटर सोडून एक फेरी मारतो. गिऱ्हाईक असलं तरी, "दोन मिनिटं थांबा काका" म्हणतो. कोणी रुसलेलं नाही.

फर्निचरची ऑर्डर अजून दिली नसेल तर सुताराला थांबवा. सरळ उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि काउंटरचं माप त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात त्यावरच बोलू.