‘सगळंच काढून टाका’ म्हणण्याआधी

ऑक्टोबरमध्ये गुलाबी फिती लागतात, शिबिरं होतात. पण छातीतली गाठ कॅन्सरची निघाली की पुढचं सगळं शौहर, भाऊ, मुलगा ठरवतात. ‘डॉक्टरसाब, सगळंच काढून टाका, जोखीम नको.’ यात माया असते, नाही असं नाही. पण समजूत जुनी आहे. इटली आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्येच आले. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये गाठीपुरता भाग काढून रेडिएशन दिलं, तरी जगण्याचं प्रमाण पूर्ण स्तन काढल्याइतकंच राहिलं.

अडचण वेगळी होती. भाग काढला की खड्डा पडतो, रेडिएशननंतर तो आणखी ओढला जातो. म्हणून १९९० च्या दशकात जर्मनीचे सर्जन वेर्नर आउड्रेच यांनी कॅन्सरची आणि प्लास्टिक सर्जरी एकत्र आणणाऱ्या पद्धतीला ‘ऑन्कोप्लास्टिक’ हे नाव दिलं. आधी भोवतीच्या निरोगी कडेसकट गाठ काढायची. मग उरलेला भाग सरकवून, किंवा पाठीचा स्नायू फिरवून आणून जागा भरायची. बहुतेक वेळा हे एकाच ऑपरेशनमध्ये होतं. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन लहान करता येते. मात्र कॅन्सर स्तनात बराच पसरला असेल किंवा रेडिएशन देता येत नसेल, तर पूर्ण स्तन काढावा लागू शकतो.

मग दबक्या आवाजात प्रश्न येतो: हे जायज आहे का? अल्लाहनं घडवलेल्यात बदल तर नाही ना? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ मध्ये पुत्रजायाच्या अधिवेशनात आजाराने आलेलं व्यंग दुरुस्त करायला परवानगी दिली, त्यात स्तनाची पुनर्रचनाही आहे. लढाईत नाक गमावलेल्या अरफजा (रजि.) यांना सोन्याचं नाक लावायची इजाजत रसूलुल्लाह (स.) यांनी दिली होती, हे तर मदरशातली पोरंही सांगतील. म्हणजे अडथळा दीनचा नाही, शरमेचा आहे.

भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे, आणि आपल्याकडे पुष्कळ बायका उशिराच येतात. लवकर गेलं तर पर्याय जास्त उरतात. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी त्या बाईला सर्जनसमोर बसवा, आणि तिलाच विचारू द्या: ‘माझा स्तन वाचेल का? इथे होत नसेल तर कुठे होतं?’ खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या.