पुलाच्या वाडीला क्युसेक कोण समजावणार?

मुठेला पूर आला की पुणेकर लकडी पुलावर पाणी बघायला जमतात. त्याच वेळी पुलाखालच्या वस्तीत गाद्या, शाळेची दप्तरं आणि गॅसची शेगडी उंचावर चढवण्याची धांदल चाललेली असते. ही पुलाची वाडी. डेक्कनच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर, तरी शहराच्या इतिहासात तिला स्वतःचं पान नाही.

तिच्या डोक्यावरच्या पुलाला मात्र आहे. पानिपतानंतर, १७६१ साली नानासाहेब पेशव्यांनी इथे लाकडी पूल बांधवला. पुढे दगडी पूल आला, नंतर त्याला संभाजी महाराजांचं नाव मिळालं, तरी लोकांच्या तोंडी तो लकडी पूलच राहिला. पूल झाल्यावर पेठांमधून पलीकडे जाणं सोपं झालं, आणि विसाव्या शतकात डेक्कन जिमखाना बहरला तसं त्या काठावर हातावर पोट असणाऱ्यांना कामही मिळू लागलं. काम जिथे, तिथेच बिऱ्हाड. नदीकाठच्या गरीब वस्त्या बहुतेक अशाच वसतात. हौसेने पाण्याच्या तोंडाशी कुणी घर बांधत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी, बांधकाम पुरतं संपलेलं नसताना पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्यालाही खिंडार पडलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा या पेठांची नदीकडची घरं कोसळली. दिवस उजाडलेला होता म्हणून माणसं पळू शकली, नाहीतर बळींचा आकडा कितीतरी मोठा झाला असता. नंतर सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे पुनर्वसनाची सूत्रं आली, पत्र्याचे अर्धगोल निवारे, म्हणजे निसेन हट, उभे राहिले, गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. पुण्याचा नकाशाच त्या पुराने बदलला. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज सत्तरी ओलांडून गेलेत. त्यांच्या आठवणी माझ्या माहितीत अजून कुणी नीट, गल्लीगल्लीने, उतरवून घेतलेल्या नाहीत, हे मला फार लागतं.

कारण तो इतिहास संपलेला नाही. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचं पाणी शेवटी खडकवासल्यात येतं, आणि खडकवासल्याची साठवण जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट). एकट्या वरसगावाची त्याच्या सहापट. खडकवासला भरला, की वरून येईल तेवढं खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. जुलै २०२४ मध्ये तेच झालं. विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या घनफुटांच्या घरात गेला. २५ तारखेच्या पहाटे पुलाच्या वाडीजवळ खाद्यपदार्थांची हातगाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले.

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘नदीत राहतातच कशाला?’ हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. नदीपात्रात रस्ता कुणी केला? गाड्या कुणाच्या लागतात तिथे? मेट्रोचे खांब पात्राच्या कडेने कुणी रोवले? निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे नियम सगळ्यांना सारखे हवेत. पात्र आक्रसण्याचा दोष सगळ्या शहराचा आहे. त्याची शिक्षा काठावरच्या चार गल्ल्यांनीच का भोगायची?

पाणी सोडलं की क्युसेकचा आकडा मोबाईलवर येतो. पण मध्यरात्री पोरांना उठवायचं की नाही, हे वाडीतल्या बाईने त्या आकड्यावरून कसं ठरवायचं? ‘एवढा विसर्ग झाला की देवळाच्या पायरीपर्यंत पाणी येईल, तेवढा झाला की आतल्या गल्लीत’, असं सांगा. विजेच्या खांबांवर पातळीचे पट्टे रंगवा, रात्री भोंगा वाजवा, आणि पाणी चढायच्या आत त्या भागातली वीज तोडा. यातलं एकही काम पैशांवाचून अडणारं नाही. पुढचा पावसाळा लागण्याआधी महापालिका आणि पाटबंधारे खात्याने ते एकत्र बसून करावं.

आणि वाचकहो, तुमच्या घरात, वाड्यात १९६१चं पाणी कुठवर चढलं होतं हे सांगणारं कुणी असेल, तर त्यांना आजच विचारा. तिथे भिंतीवर रंगाने रेघ ओढा आणि खाली तारीख लिहा.