सगळा डोंगर कुणाला हवाय?

बाजारात 'सर्व' या शब्दाइतका लबाड शब्द दुसरा नाही. सर्व दुखण्यांवर एकच मलम, सर्व ऋतूंत चालणारा कोट, सर्व वयोगटांसाठी निखळ करमणूक! यातलं मलम साध्या खाजेला लागू पडत नाही आणि करमणूक बघताना सर्व वयोगट एकमुखाने जांभया देतात. याच जातकुळीतली एक महागडी वस्तू म्हणजे 'ऑल-माउंटन' स्की. सगळ्या डोंगराला चालणारी!

बँकेतल्या कारकुनाने घसरायचं ते बढतीच्या परीक्षेत, बर्फावर कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं असं आहे. 2001 साली, नोकरी नवी, गुडघे नवे आणि लग्न व्हायचं होतं तेव्हा मी औलीला चौदा दिवस स्कीइंग शिकलो. पुढे संसार, बदल्या आणि मार्चअखेर यांत वीसेक वर्षं कुठे गेली ते कळलं नाही. अलीकडे बँकेच्या एलएफसीवर (बाहेरची माणसं याला एलटीसी म्हणतात) गुलमर्गला जायचं ठरवलं, आणि बर्फ पडावा तसे सल्ले पडू लागले. ज्याने बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला होता, असा आमच्या शाखेतला तरुण अधिकारीही म्हणाला, "काका, घेताय तर ऑल-माउंटनच घ्या. वन टाइम इन्व्हेस्टमेंट!" जर्मनीतला भाचा तर फोनवरून गळ्यातच पडला. "मामा, मी येताना घेऊन येतो. कुठेही चालते. कडक बर्फ, भुसभुशीत बर्फ, उंचवटे, काहीही!"

अरे, पण मामा कुठे कुठे चालतो ते विचार ना!

ही स्की मधोमध, म्हणजे कमरेत, साधारण ऐंशी ते शंभर मिलिमीटर रुंद असते. रुंदी वाढली की ती ताज्या, मऊ बर्फात बुडत नाही, हे खरं. पण तीच स्की सकाळच्या कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते, रविवारी दुपारी जेवल्यावर आपण कूस बदलायला लावतो तसा. आता गुलमर्गचा डोंगर बघा. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत जातो, दुसरा जवळजवळ चार हजार मीटरवर अफरवटला. तिथला खोल, भुसभुशीत बर्फ जगप्रसिद्ध आहे आणि हिमस्खलनाचा धोकाही तिथेच आहे. वीस वर्षांनी स्कीवर उभा राहणारा सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ खाली सपाटीलगतच्या उतारावर असतो. त्याच्या वाट्याला दोनशे मीटर डोंगर येतो. तेवढ्यासाठी सगळ्या डोंगराचा हप्ता त्याने का भरावा?

नव्या स्कीशी माझं भांडण नाही, हे नोंदवून ठेवतो. आम्ही शिकलो तेव्हा हात वर करायला लावून मनगटापर्यंत पोचेल अशी सरळसोट फळी हातात देत. वळायचं म्हटलं की आधी नवस बोलावा लागे. 1990च्या दशकात कमरेत बारीक आणि टोकांना रुंद अशा स्की बाजारात आल्या. आता हनुवटी ते कपाळ एवढी लांबी पुरते आणि नुसती कड टेकवली की त्या वळतात. आमच्यासारख्यांवर हे उपकारच आहेत. पण उपकारकर्त्याला भाड्याने आणावं, घरी ठेवून घेऊ नये. दोन वर्षांतून सहा दिवस वापर, उरलेले सातशे चोवीस दिवस माळ्यावर, आणि पुण्याच्या पावसाळ्यात पोलादी कडांना गंज! बी.कॉम.ला घसारा शिकलेला माणूस असला व्यवहार करत नाही.

पैसे घालायचेच तर बुटांत घाला. स्की डोंगरावर चालते, बूट पायावर चालतो, आणि पाय आपला असतो. भाड्याचे बूट शेकडो पायांनी सैल केलेले असतात. त्यात बोटांना ऐसपैस वाटावं म्हणून आपण एक माप मोठा घेतो. मग टाच उचलते, म्हणून बकलं आवळतो, मग पायाला मुंग्या येतात, आणि दोष वयाला! खरी रीत सोपी आहे. आतला मऊ भाग काढून नुसत्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दोन बोटं मावली की माप बरोबर. मोजा एकच, तोही पातळ. आणखी एक गंमत ऐका. 26 आणि 26.5 या दोन मापांना बहुधा बाहेरचं कवच एकच असतं. बुटाच्या कडकपणाचा आकडाही असतो, साठपासून एकशेतीसपर्यंत, पण त्याला सर्व कंपन्यांचं मिळून एक प्रमाण नाही. एकीचा शंभर म्हणजे दुसरीचा शंभर नव्हे. आम्ही असा हिशेब ठेवला तर ऑडिटर शाखेला कुलूप लावेल.

आता सर्वांत गंभीर बाब. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून बाइंडिंग असतं. ते किती जोरात सुटावं याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचा स्वभाव यांवरून ठरतो. स्वभावाचे प्रकार तीन. पहिला जपून जाणारा, तिसरा बेफाम, दुसरा मधला. या तक्त्यात नऊपर्यंतची पोरं आणि पन्नाशीपासून पुढची माणसं, दोघांसाठीही आकडा एक पायरी खाली आणतात. आम्ही बँकवाले ज्येष्ठ नागरिकाला साठीला अर्धा टक्का जादा देतो, हे लोक पन्नाशीलाच देतात!

आणि ही सवलत कुणाला नको असते. दुकानात मी पाहिलं, माझ्यापुढच्या गृहस्थांनी वय एकोणपन्नास सांगितलं. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. वजन त्यांनी लग्नातलं सांगितलं आणि स्वभाव तर थेट तिसरा! दुकानदाराने तक्ता बाजूलाच ठेवला आणि चेहरा बघून स्क्रू फिरवला. केवायसीला खोटं बोललात तर फार तर खातं गोठतं. इथे बाइंडिंग वेळेवर सुटलं नाही तर नडगी जाते. गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची हमी तर नीट लावलेलं बाइंडिंगही देत नाही. एवढ्यावरही पाच हजारांची घड्याळं मनगटावर मिरवणारे लोक 'जपून जाणारा' या चौकोनात खूण करायला लाजतात! मी त्याच चौकोनात दोनदा खूण केली, दुकानदाराकडून तक्ता मागून घेतला आणि त्याने आकडा लावला तो जुळवून पाहिला. आम्हाला रोख दोनदा मोजायची सवय आहे.

भाचा रागावला आहे. त्याला मी बुटांचं माप कळवलं आहे, म्हणजे राग निघायला वाव राहील. हेल्मेट घालावंच, आणि ते डोक्याला घट्ट बसणारं, स्वतःचं असावं. याची कारणं मात्र मी इथे लिहीत नाही. मला पुण्यातच राहायचं आहे.