निवृत्तांचे दोन तास

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले की तालुक्याच्या गावांतून एक प्रसंग नेमाने घडतो. एखाद्या संध्याकाळी विद्यालयाचे मुख्याध्यापक निवृत्त शिक्षकाच्या दारात येऊन उभे राहतात. चहा होतो, गुडघ्यांची आणि रक्तदाबाची चौकशी होते, पुण्याला असलेल्या मुलाची खुशाली विचारली जाते, आणि मग मूळ मुद्दा निघतो. गणिताची जागा यंदाही रिकामी आहे. तेव्हा सरांनी आठवी-नववीला रोज दोन तास द्यावेत. सर ‘बघू, विचार करतो’ म्हणतात. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज येतो, ‘विचार कसला करता? खडूची पेटी कालच शोधून ठेवलीत की तुम्ही.’ मुख्याध्यापक हसतात, सर ओशाळतात, आणि शाळेचा प्रश्न एका वर्षापुरता सुटतो. सुटतो कसला, टळतो!

हे सर म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक मोठ्या गावात ते आहेत आणि त्यांचा दिनक्रमही थोड्याफार फरकाने सारखाच आहे. पहाटे उठून गावाबाहेरच्या रस्त्याने फिरून यायचे, परतताना दूध आणायचे, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांच्या जाहिरातींपर्यंत वाचायचे. अकरा ते एक शाळा. दुपारी जेवण आणि घटकाभर डोळा. चारच्या सुमारास सार्वजनिक वाचनालय, जिथे ते कार्यकारिणीवर आहेत. म्हणजे प्रत्यक्षात फाटक्या पुस्तकांना खळ लावून पाठीला कापडी पट्टी चिकटवण्याचे काम त्यांच्याकडे आहे. वर्षानुवर्षे हात लागून मऊ पडलेली एखादी कादंबरी पुन्हा ताठ उभी राहिली की त्यांना जो आनंद होतो, तो नोकरीत असताना निकाल शंभर टक्के लागल्याच्या आनंदाहून कमी नसतो. संध्याकाळी पारावर किंवा बसस्थानकासमोरच्या बाकावर चार मित्र जमतात. त्यांतले एक तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, एक टपाल खात्यातले, एक शेती करणारे. राजकारणावर भांडण होते, ते दुसऱ्या दिवशी पुढे चालू राहते. मधूनच बाकावरची एक जागा कायमची रिकामी होते. त्या आठवड्यात कोणी फारसे बोलत नाही. रात्री मुलाचा फोन येतो आणि नातू पडद्यावरूनच वही दाखवून अपूर्णांकांची अडलेली उदाहरणे विचारतो. सरांचा तिसरा तास तो.

या चित्रात एक व्यक्ती फारशी दिसत नाही, तिचा उल्लेख जाता जाता केलाच पाहिजे. सर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांचा निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले. त्यांच्या पत्नीचा मात्र सकाळचा चहा, दोन वेळचा स्वयंपाक आणि आल्यागेल्याचे आदरातिथ्य पूर्वीसारखेच चालू आहे. उलट दिवसभर घरात वावरणारा एक माणूस वाढला आहे. गृहिणीच्या सेवेला निवृत्तीचे वय कोणत्याही शासनाने ठरवलेले नाही. सरांचे शाळेतले दोन तास तिला मोकळे मिळतात, हा त्या तासांचा पहिला आणि बहुधा सर्वांत निर्विवाद फायदा होय.

शालेय शिक्षकाने अठ्ठावन्नाव्या वर्षी थांबावे, हा नियम जुन्या काळातून चालत आला आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी धडधाकट असलेल्या माणसापुढे आणखी वीस वर्षे सहज पडलेली असतात. वीस वर्षे म्हणजे एक दुसरी नोकरीच की! ती कशी भरावी याची थोर उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. अण्णासाहेब कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू झाले ते १९१६ साली, म्हणजे आजच्या शिक्षकाला ज्या वयात निरोप मिळतो त्या वयात. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी १९३६ साली मंडळ काढले, तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. २०२५ मध्ये दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली वनखात्यातून १९९० साली निवृत्त झाले, तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्यांचा पक्षिकोश त्यानंतरचा. नोकरीत वेचलेल्या अनुभवाला निवृत्तीत सवड मिळाली, की त्यातून काय उभे राहते ते या दोघांनी दाखवून दिले आहे. सरांची वाचनालयातली खळ आणि वर्गातले दोन तास ही याच जातीची, फक्त लहान मापाची कामे आहेत.

परंतु सवडीने दिलेले तास आणि रिकाम्या जागेवर बसवलेला माणूस या दोन गोष्टी सारख्या नाहीत, आणि शासनाचा घोटाळा नेमका येथेच होतो. जुलै २०२३ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त पदांवर, नियमित शिक्षक मिळेपर्यंत, निवृत्त शिक्षकांना दरमहा वीस हजार रुपये मानधनावर नेमण्याची मुभा दिली. कमाल वय सत्तर वर्षे. निर्णयामागची अडचण खरी होती. शाळा उघडल्या होत्या, मुले वर्गात बसली होती, आणि फळ्यापुढे कोणी नव्हते. अशा वेळी कोणीतरी अनुभवी माणूस वर्गात असावा, या म्हणण्याला उत्तर नाही. उत्तर मागायचे ते याचे की, ही वेळ आली कशी? शिक्षक कोणत्या महिन्यात, कोणत्या शाळेतून निवृत्त होणार हे त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच सेवापुस्तकात कळलेले असते. पाऊस कधी येईल हे सांगता येत नाही. गुरुजी कधी जाणार हे तीस वर्षे आधी सांगता येते. तरीही प्रत्येक जूनमध्ये शिक्षण विभागाला रिक्त पदांचा धक्का बसतो, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

त्या वर्षीचा दुसरा एक आकडा या आकड्याशेजारी मांडून पाहण्याजोगा आहे. नव्याने नियमित भरती होणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून काढावी लागतात. ही योजना २००० सालापासूनची. तिच्यातील तुटपुंजे मानधन वाढवून २०२३ मध्ये ते सोळा हजार रुपये करण्यात आले. म्हणजे एकाच शाळेत, एकाच वेळी, ज्याच्यापुढे संसार मांडायचा आहे त्या पंचविशीतल्या तरुणाला सोळा हजार, आणि ज्याचा संसार उभा राहून गेला आहे, ज्याला बहुधा निवृत्तिवेतनही मिळते, त्या साठीतल्या गृहस्थाला वीस हजार! यात निवृत्त शिक्षकाचा काडीचाही दोष नाही. त्याने हे मानधन मागितलेले नव्हते. परंतु शिक्षक अभियोग्यता चाचणी देऊन नेमणुकीची वाट पाहणाऱ्या उमेदवारांनी या निर्णयावर संताप व्यक्त केला, तो समजण्यासारखा होता. दोन पिढ्यांना एकमेकींच्या ताटात डोकावायला लावणारी ही व्यवस्था आहे.

गावात याची झळ अगदी जवळून लागते. सरांच्याच हाताखाली शिकलेला, पुढे पदविका घेतलेला मुलगा बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानात कागद लावत असतो. सर प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला त्याच दुकानात जातात. तो उठून उभा राहतो, पैसे घ्यायला नको म्हणतो, सर बळेच त्याच्या हातात ठेवतात. दोघेही विषय काढत नाहीत. हा संकोच कोणत्याही शासन निर्णयाच्या टिपणीत नोंदवला जात नाही.

येथे सर्व निवृत्तांना एका मापाने मोजणेही अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या शिक्षकांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन आहे. त्यांनी दोन तास फुकट शिकवले तरी चूल बंद पडत नाही. त्या तारखेनंतर आलेल्यांची अंशदान योजना, आणि तिच्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये झालेला राज्यव्यापी संप, हा इतिहास ताजा आहे. खासगी पेढीतून, कारखान्याच्या कचेरीतून किंवा विनाअनुदानित शाळेतून निवृत्त झालेल्या कारकुनाची गोष्ट तर निराळीच. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा एक हजार रुपये ठरलेले आहे. हजार रुपयांत आज महिन्याची औषधेही येत नाहीत. असा माणूस संध्याकाळी चार मुलांची शिकवणी घेतो किंवा दुकानाचे हिशेब लिहितो, तेव्हा ‘वेळ चांगला जातो’ असे तो सांगतो खरा. पण त्या वाक्यामागचे गणित ऐकणाऱ्यालाही कळते. त्याला दोन तासांच्या कामाची गरज आहे, आणि त्या कामाचा मोबदला ठरल्या दिवशी मिळणे हा त्याचा हक्क आहे. कित्येक खासगी संस्था ‘सर, तुम्ही तर घरचेच’ असे म्हणत वर्षअखेरीस एक पाकीट हाती ठेवतात. घरच्या माणसाला निदान पाकिटात किती आहे ते आधी सांगावे.

शासनाला निवृत्तांची मदत हवी असेल, तर ती घेण्याची रीत अवघड नाही. मंजूर पदावर निवृत्त माणूस नेमू नये, आणि नाइलाज झालाच तर नेमणुकीच्या आदेशातच नियमित शिक्षक येण्याची तारीख लिहावी. ती टळली तर वेतनपथकाने नव्हे, भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने खुलासा द्यावा. निवृत्तांकडे सोपवण्याजोगे काम वेळापत्रकाच्या बाहेर भरपूर पडलेले आहे. पाचवीत येऊनही वजाबाकीतला हातचा न कळणारी मुले आहेत. वाचताना जोडाक्षरापाशी थांबणारी मुले आहेत. साठ मुलांच्या वर्गात त्यांच्याजवळ बसायला नियमित शिक्षकाला वेळ नसतो. शिवाय त्याला माहिती भरायची असते, सर्वेक्षण करायचे असते, निवडणुकीचे काम असते. निवृत्त शिक्षकाला यांतले काहीच नाही. त्याच्याजवळ एकच वस्तू आहे आणि ती या मुलांना हवी आहे. तिला मानधन द्यावे किंवा न द्यावे, पण तिच्या आडून पद वाचवू नये.

त्या तालुक्याच्या गावातील सरांना विचारले तर त्यांचेही याहून वेगळे म्हणणे नाही. शाळेला गणिताचा कायम शिक्षक मिळाला, तर आपला तास गेल्याचे दुःख त्यांना होणार नाही असे नाही, होईल. अकरा वाजता पाय आपसूक शाळेकडे वळतील. परंतु व्हरांड्याच्या टोकाला, ग्रंथालयाच्या दाराशी, एक लांब बाक आहे. भागाकार न येणारी पाच-सहा मुले मधल्या सुट्टीनंतर तिथे बसवता येतील, असे त्यांनी मुख्याध्यापकांना मागच्याच आठवड्यात सांगून ठेवले आहे. फळा लागेल, तो जुना चालेल. खडू ते घरून आणतील.